मालमोटारीची वैरण

ओझे वाहणाऱ्याला खायला काय घालायचे, हा वाहतुकीच्या धंद्यातला सर्वांत जुना प्रश्न आहे. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून कोकणातून घाटावर चढत, तेव्हा त्यांची वाट चराई आणि पाणी पाहून ठरत असे. पुढे बैलगाडीवाल्यालाही भाडे सांगण्यापूर्वी कडब्याचा भाव मनात धरावा लागे. बैल गेले, मोटार आली. वैरणीची जागा आधी पेट्रोलने आणि मागाहून डिझेलने घेतली. हिशेब मात्र तोच राहिला. आजही लांब पल्ल्याच्या मालमोटारीच्या चालू खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचाच असतो. टायर, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, कर्जाचा हप्ता हे सारे त्याच्या मागून येतात.

गेल्या काही वर्षांत या वैरणीत नैसर्गिक वायूची भर पडली आहे. आपल्या सीमाभागात हा विषय दूरचा राहिलेला नाही. दाभोळपासून बंगळूरपर्यंत सुमारे हजार किलोमीटरची वायुवाहिनी २०१३ साली सुरू झाली, ती कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या जिल्ह्यांतूनच गेली आहे. शाळेत पालकसभेला येणाऱ्यांत एखाददुसऱ्या ट्रकचे मालक बरेच असतात. ‘सर, पुढची गाडी गॅसची घ्यावी का?’ असे ते विचारतात. मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्राचा जाणकार नव्हे. परंतु या प्रश्नाला स्वतःचा असा आठ-नऊ दशकांचा इतिहास आहे. तो डोळ्यांखालून घातला तर उत्तर पुष्कळसे आपोआप उमगते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोळशाची भट्टी

वायूवर मोटार चालवण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे घडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पेट्रोल सैन्याकडे वळले, नागरी वापरावर रेशन आले आणि प्रवासी मोटारी व लॉऱ्यांच्या पाठीमागे पिंपासारखी भट्टी बसली. तीत लोणारी कोळसा भरायचा, विस्तव करायचा, हवा बेताची सोडायची. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन निघे. तो गाळून, थंड करून इंजिनात घेतला जाई. गाडी सुटण्याआधी क्लीनरला भट्टी पेटवून वाट पाहत बसावे लागे. राख काढणे, गाळण्या साफ करणे हे रोजचेच. या वायूत निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजनचा, त्यामुळे इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे. चढावर मोटार दमली की उतारूंनी खाली उतरून चालायचे, अशा आठवणी पुष्कळांनी आपल्या आजोबांकडून ऐकल्या असतील. शिवाय कार्बन मोनॉक्साइड विषारी. बंद जागेत भट्टी पेटवणे जिवावर बेतत असे.

हे केवळ हिंदुस्थानात घडले असे नाही. युरोपात लाकडावर आणि कोळशावर लाखो गाड्या धावल्या. एकट्या जर्मनीत युद्धाच्या अखेरीस अशा गाड्यांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. पण युद्ध संपले, पेट्रोल परत आले आणि थोड्याच वर्षांत या भट्ट्या भंगारात गेल्या. कोणी बंदी घातली नव्हती. टंचाईने आणलेले इंधन टंचाईबरोबर निघून गेले, इतकेच. ज्या इंधनाला मालकाच्या वहीत स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही, त्याचे पुढे काय होते याचा हा पहिला धडा.

डिझेलचे राज्य

त्यानंतरचे राज्य डिझेलचे. पेट्रोल इंजिनापेक्षा डिझेलचे इंजिन कमी इंधनात अधिक काम करते आणि जड ओझे ओढायला ते दणकट. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बनवण्यास सुरुवात केली. पुढच्याच वर्षी मद्रासच्या अशोक मोटर्सचे अशोक लेलँड झाले. रेल्वेकडचा माल हळूहळू रस्त्यावर उतरला, तो या डिझेलच्या गाड्यांवर.

डिझेलचा दर अनेक दशके सरकार ठरवीत असे आणि शेती, एस. टी., मालवाहतूक यांच्याकडे पाहून तो पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवला जाई. त्यामुळे ट्रकमालकाला एक स्थैर्य होते. भाव वाढे तो घोषणा होऊन, आणि मग भाडेही त्या प्रमाणात वाढवून मागता येई. ही व्यवस्था ऑक्टोबर २०१४ मध्ये संपली. डिझेलचा दर बाजाराशी जोडला गेला. स्वस्त डिझेलची हमी जाताच ‘दुसरे काही आहे का?’ हा प्रश्न साहजिकच पुढे आला.

वायूची ओळख

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये असतो तो प्रोपेन-ब्युटेनचा वायू. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो भूगर्भातून निघतो, स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ धरत नाही. अडचण त्याच्या आकारमानाची. साधारण दोनशे पट दाबाने तो जाड सिलिंडरात कोंबला की त्याला सीएनजी म्हणतात. तरीही एक लिटर डिझेलइतकी ऊर्जा साठवायला त्याला चार-पाच लिटरची जागा लागते. हाच वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. हा एलएनजी. थर्मासच्या बाटलीसारख्या दुहेरी भिंतीच्या टाकीत तो ठेवतात आणि एका टाकीवर ट्रक कित्येकशे किलोमीटर जाऊ शकतो. मात्र गाडी बरेच दिवस उभी राहिली तर आतला द्रव हळूहळू वायू होऊन दाब वाढतो आणि तो बाहेर सोडावा लागतो. म्हणून शहरात आणि मध्यम पल्ल्यावर सीएनजी, तर लांब पल्ल्याच्या सतत धावणाऱ्या गाडीला एलएनजी, अशी साधारण विभागणी झाली आहे.

इटली आणि न्यूझीलंड

नैसर्गिक वायूवर वाहने चालवण्यात इटली आद्य. पो नदीच्या खोऱ्यात वायू सापडत होता आणि बाहेरचे तेल कमीत कमी घ्यायचे हे १९३० नंतरच्या मुसोलिनी राजवटीचे धोरण होते. युद्धानंतर एन्रिको मात्तेई या कर्तबगार प्रशासकाने त्या खोऱ्यातील वायूच्या वाहिन्यांचे जाळे वाढवले. १९५३ मध्ये ‘एनी’ ही सरकारी कंपनी त्याच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. त्या भागात वायू होता, वाहिनी होती, पंप होते. म्हणून इटलीत मिथेनची गाडी युद्धानंतरही टिकली. कोळशाच्या भट्टीचे जे झाले ते तिचे झाले नाही.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडचे आणि ते अधिक बोलके आहे. तेथे १९६९ मध्ये समुद्रात माऊई नावाचे मोठे वायुक्षेत्र सापडले. १९७९ च्या तेलसंकटात सरकारने सीएनजीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. गाडी बदलून घेणाऱ्यास अनुदान दिले, सवलतीचे कर्ज दिले, पंप उभारणाऱ्यास मदत केली. काही वर्षांत लाखाहून अधिक वाहने वायूवर आली. एवढ्याशा देशात हा आकडा लहान नव्हे. पण १९८४ मध्ये सरकार बदलले, नव्या सरकारने सवलती काढून घेतल्या आणि १९८६ मध्ये जगात तेलाचे भाव कोसळले. नव्या गाड्या येईनात, म्हणून पंपांचा धंदा बसला. पंप बंद पडू लागले, म्हणून असलेले मालकही पेट्रोलकडे परतले. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले की थांबत नाही. वायू संपला नव्हता, यंत्र बिघडले नव्हते. मोडला होता तो भावातल्या फरकावरचा विश्वास.

मुंबई हाय ते दिल्ली

आपल्याकडे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईजवळच्या समुद्रात तेल आणि वायू शोधला. वडोदऱ्याच्या वाचकांना सांगायला नको, की त्यांच्या महानगरपालिकेने १९७२ पासूनच घरोघरी नळाने वायू द्यायला सुरुवात केली होती. १९८४ मध्ये ‘गेल’ ही कंपनी स्थापन झाली. हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही मोठी वाहिनी गुजरातेतून मध्य प्रदेशात आणि तेथून उत्तरेकडे गेली. नव्वदीच्या आरंभी सीएनजीचे छोटे प्रयोग झाले आणि १९९५ मध्ये मुंबईत महानगर गॅस कंपनी आली. तरीही वायूवरची वाहने म्हणजे टॅक्सी आणि थोड्या मोटारी, एवढीच मजल होती.

खरी कलाटणी दिली ती न्यायालयाने. अ‍ॅड. एम. सी. मेहता यांनी दिल्लीच्या हवेबाबत १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला, की दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात. मुदत आली तेव्हा पुरेशा गाड्याही नव्हत्या आणि पंपही नव्हते. रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले. एप्रिल २००२ मध्ये न्यायालयाने डिझेलवर चालणाऱ्या बसला दररोज पाचशे रुपये आणि तीस दिवसांनंतर हजार रुपये दंड ठोठावला. त्या वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या शहर वाहतुकीतली शेवटची डिझेल बस रस्त्यावरून गेली.

या प्रकरणाचा आपल्या विषयाशी संबंध असा. आदेशामुळे गिऱ्हाईक निश्चित झाले. गिऱ्हाईक निश्चित झाले म्हणून पंप आले, कारखान्यांनी तशी इंजिने बनवली, मिस्त्री तयार झाले. ‘आधी पंप की आधी गाडी?’ हा पेच न्यूझीलंडने अनुदानाने सोडवला, दिल्लीने सक्तीने सोडवला. पण बस आपल्या आगारात रात्री परत येते. लांब पल्ल्याची मालमोटार चार राज्ये ओलांडते. तिला एका शहराचा आदेश पुरत नाही.

अमेरिकेचा अनुभव

मालमोटारींपुरता खरा बाजार अमेरिकेने पाहिला. तेथे खडकातून वायू काढण्याचे नवे तंत्र आले आणि २००८ नंतर वायू फार स्वस्त झाला. त्याच वर्षी टी. बून पिकन्स या तेलाच्या धंद्यातल्या बड्या असामीने देशातल्या जड मालमोटारी वायूवर आणाव्यात अशी मोठी मोहीम उघडली. महामार्गांवर एलएनजीचे पंप बांधले गेले. २०१३ मध्ये कमिन्स-वेस्टपोर्टचे बारा लिटरचे वायू-इंजिन बाजारात आले आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचीही सोय झाली. तेव्हा अमेरिकेत डिझेल गॅलनला चार डॉलरच्या आसपास होते. गॅसची गाडी डिझेलपेक्षा कित्येक हजार डॉलरनी महाग पडे. पण जास्त धावणाऱ्याला ती रक्कम दोन-तीन वर्षांत वसूल होईल, असा हिशेब मांडला गेला. तो चुकीचाही नव्हता.

पण २०१४ च्या मध्यापासून कच्चे तेल घसरू लागले आणि २०१६ च्या आरंभी डिझेल दोन डॉलरच्याही खाली आले. वायू स्वस्तच होता, तरी फरक उरला नाही. दोन वर्षांची वसुली सहा-सात वर्षांवर गेली. बांधलेले कित्येक पंप गिऱ्हाइकाविना पडून राहिले.

तरीही एका धंद्यात गॅसची गाडी टिकली, वाढली. तो म्हणजे शहरांचा कचरा उचलण्याचा धंदा. कचरागाडी रोज ठरलेल्या वाटेने फिरते, रात्री एकाच आवारात उभी राहते, तेथेच सावकाश वायू भरून घेते. एका मालकाकडे शेकडो गाड्या, त्यामुळे स्वतःचा पंप परवडतो. नगरपालिकेशी करार अनेक वर्षांचा, त्यामुळे मिळकत निश्चित. एकाच देशात, एकाच काळात, एकाच भावाने एक धंदा तरला आणि दुसरा अडकला. हा फरक इंजिनाचा नव्हता, कामाच्या स्वरूपाचा होता.

वहीतला हिशेब

आता आकडेमोड करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून पाहावेत.

एक ट्रक डिझेलवर लिटरला ४ किलोमीटर देतो असे धरू. किलोभर वायूत लिटरभर डिझेलपेक्षा ऊर्जा जास्त असते, पण वायूचे इंजिन थोडे कमी कार्यक्षम. म्हणून किलोला ४.८ किलोमीटर धरू. डिझेल ९० रुपये लिटर, वायू ८० रुपये किलो. गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर धावली तर डिझेलचा खर्च १,८०,००० रुपये, वायूचा सुमारे १,३३,३०० रुपये. बचत ४६,७०० रुपये. गॅसची गाडी १२ लाखांनी महाग असली, तर व्याज सोडून ही रक्कम सुमारे २६ महिन्यांत वसूल होते. सौदा चांगला दिसतो.

आता वायू ८० चा ९५ रुपये झाला आणि डिझेल जागेवर राहिले असे समजू. वायूचा खर्च सुमारे १,५८,३०० रुपयांवर जातो, बचत २१,७०० वर येते आणि वसुलीला ५५ महिने लागतात. किंवा दर पूर्वीचेच ठेवू, पण परतीचा माल मिळत नाही म्हणून गाडी महिन्याला ३,००० किलोमीटरच धावते असे धरू. बचत १७,५०० रुपये, वसुली ६९ महिन्यांनी. म्हणजे वायूचा भाव पावपटीहूनही कमी वाढला तरी मुदत दुपटीच्या वर जाते आणि गाडी निम्म्याहून कमी धावली तर त्याहूनही लांबते. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच असतो. सिलिंडरांच्या वजनामुळे कमी होणारा माल आणि पंपावर रांगेत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि जगभर वायूचे भाव भडकले. आपल्या जुन्या देशी क्षेत्रांतील वायूचा सरकारी दर मार्च २०२२ पर्यंत २.९० डॉलर होता. तो एप्रिलमध्ये ६.१० आणि ऑक्टोबरमध्ये ८.५७ डॉलर झाला. सीएनजी आणि डिझेल यांतला फरक आक्रसला आणि गॅसच्या मालमोटारींची मागणी त्या काळात घसरली. आदल्या वर्षी फरक पाहून ज्यांनी कर्ज काढले, त्यांच्यावर काय बेतले असेल हे सांगायला नको. पुढे किरीट पारीख समितीच्या शिफारशींनंतर एप्रिल २०२३ मध्ये दर ठरवण्याची नवी रीत आली आणि सुरुवातीला ६.५० डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. भाव काहीसे उतरले. परंतु देशाच्या गरजेचा सुमारे निम्मा वायू बाहेरून येतो, तोवर परदेशातल्या युद्धाची झळ आपल्या चेकपोस्टपर्यंत पोहोचणारच.

दाभोळची वाट

आपल्या भागापुरते म्हणायचे तर दाभोळचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. एन्रॉनचा वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, तेव्हा तेथील एलएनजीचे बंदर अर्धवट बांधलेले होते. ते २०१३ मध्ये सुरू झाले आणि त्याला जोडूनच आपल्या जिल्ह्यातून जाणारी वाहिनी आली. लाटा अडवणारा बंधारा पुरा नसल्याने ते बंदर कित्येक वर्षे पावसाळ्यात बंद ठेवावे लागे. एका फसलेल्या महागड्या कराराच्या अवशेषातून ही सोय निर्माण झाली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये देशातील मुख्य महामार्गांवर पन्नास एलएनजी पंपांची पायाभरणी झाली. जुलै २०२१ मध्ये नागपूरला खासगी क्षेत्रातला पहिला एलएनजी पंप उघडला. चीनमध्ये मात्र २०२३ या एका वर्षात दीड लाखांच्या आसपास एलएनजी ट्रक विकले गेले, कारण तेथे त्या वर्षी वायू डिझेलपेक्षा बराच स्वस्त होता आणि पंपांचे जाळे आधीच विणलेले होते. दोन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात.

हवेचा मुद्दा मी शेवटी ठेवला आहे, तो गौण म्हणून नव्हे. वायूवरच्या गाडीची काजळी फारच कमी. ज्यांची मुले महामार्गालगतच्या शाळांत बसतात त्यांना त्याचे मोल कळते. मात्र मिथेन न जळता गळाला तर शंभर वर्षांच्या मोजणीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवणारा आहे. तेव्हा गळती रोखली तरच पुण्य पदरी. आणि ही स्वच्छ हवा सर्वांच्या फायद्याची असेल, तर तिची जोखीम एकट्या कर्जदार ट्रकमालकाच्या डोक्यावर टाकणे न्यायाचे नाही. दिल्लीत आदेश होता, न्यूझीलंडमध्ये निदान काही वर्षे अनुदान होते. आपल्याकडे बहुसंख्य मालमोटारी पाचपेक्षा कमी गाड्या असलेल्या मालकांच्या आहेत. शंभर गाड्यांची कंपनी दहा गाड्या गॅसवर घेऊन पाहू शकते. फसले तर नव्वद उरतात. एका गाडीच्या मालकाची एकच गाडी फसते.

म्हणून ‘गॅसची गाडी घ्यावी का?’ असे विचारणाऱ्याला इतिहास पाच उलट प्रश्न विचारतो. तुमची गाडी महिन्याला खरोखर किती धावते? वाट ठरलेली आहे का? त्या वाटेवर, जाताना आणि येताना, पंप आहे का? माल देणाऱ्याशी करार किती वर्षांचा आहे आणि त्यात इंधनाच्या भावाप्रमाणे भाडे बदलण्याचे कलम आहे का? आणि वायू-डिझेलमधला फरक निम्मा झाला, तर हप्ता कोठून भराल? कारखान्याचा माल ठरलेल्या दोन गावांमध्ये रात्रंदिवस वाहणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतील आणि त्याने खुशाल पुढे जावे. मिळेल ते भाडे घेऊन मिळेल त्या दिशेने जाणाऱ्याने मात्र शेजाऱ्याची नवी गाडी पाहून सही करू नये.

जुना गाडीवान बैल विकत घेताना त्याचे दात पाहत असे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शहाणा गाडीवान त्याआधी आपल्या शिवारातली गंज पाही, आणि पाऊस हुकला तर ती किती महिने पुरेल याचा अंदाज बांधी. यंत्र बदलले, वैरण बदलली. गंज पाहण्याची ती सवय तेवढी सोडू नये.